हातपंपाला बांधलेली हिरवी वायर

सही करा म्हणायला काय जातं हो? कागद पुढे सरकवायचा, झालं. माझ्या धाकट्या दिरानं तेच केलं. ई-रिक्षा घेतली, सानगडीच्या आमच्या घराला लागून पत्र्याचं गॅरेज ठोकलं आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहत सगळी वायरिंग स्वतःच केली. चार्जिंगसाठी वेगळं मीटर हवं, त्यासाठी तपासणी अहवाल लागतो. म्हणून माझी आठवण!

मी आयटीआय केलेली. वीजकामावर देखरेख करायचा परवाना आहे माझ्याकडे. साकोलीच्या एका ठेकेदाराकडे काम करते, माझी सही झाली की तो शिक्का मारतो. पण घरात आजवर बल्ब बदलायलाही मला कुणी बोलावलं नाही. बाईमाणसानं बोर्डाला हात लावू नये म्हणे. सही मात्र चालते. वा रे वा!

"वहिनी, घरचंच काम हाय. पाहाले काय लागते त्यात?"

"भाऊजी, बल्ब बदला, फ्यूज टाका, कायदा तुम्हाले काही म्हणत नाही. नवीन लाइन परवानावाल्या ठेकेदारानंच ओढली पाह्यजे. घर आपलं असलं तरी."

"माह्या घरात मी काय करावं, हे आता कायदा सांगन काय?"

डोकंच फिरलं माझं. टेस्टर घेतला आणि तडक गॅरेजात शिरले. खरं सांगते, काम दिसायला नीटनेटकं होतं. पट्ट्या सरळ, बोर्ड पक्का. गॅरेजचा बोर्ड घरातल्याच सॉकेटला जोडून रिक्षा चार्ज होत होती. तेवढ्यात बोर्डातून निघालेली एक हिरवी वायर भिंतीतल्या भोकातून अंगणात गेलेली दिसली. मागोमाग गेले, तर ती हातपंपाला गुंडाळलेली.

"अर्थिंग हाय ते," दीर ऐटीत म्हणाला. "पंप लोखंडी, सीधा जमिनीत गेला."

अरे देवा! वरचा सांगाडा तेवढा लोखंडी, खाली सगळा प्लास्टिकचा पाइप. चार्जरमधून गळणारा करंट जमिनीत जाणार कसा? दांड्याला टेस्टर लावला, तो पेटला. आणि सासूबाई अनवाणी, पाणी भरायचा पितळी गुंड घेऊन पंपाकडे येत होत्या.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण कुंपणाशी आली.

"काहून व, काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "चार दिस झाले, या पंपाले हात लावला का झिणझिण्या येते. वात असन म्हणलं. तेल लावून राहिली मी."

मी आत धावले, प्लग उपटला, पकडीनं वायर तोडली. दिराचा चेहरा पडला, नाही असं नाही. पण किती वेळ? पाणी प्यायला आणि म्हणाला, "निघाली ना वायर आता? मंग करा सही."

नाही केली. दोन दिवसांत तो दुसऱ्याच कुणाचा तरी सही-शिक्का घेऊन आला. त्या गृहस्थानं आमच्या दारात पाऊलही टाकलं नव्हतं. अहवालात लिहिलं होतं, अर्थिंग योग्य. आणि तीच हिरवी वायर आता खिडकीच्या गजाला बांधलेली! मोबाइलवर शिकून वायर ओढणारा एक वेळ अडाणी म्हणा. न पाहता सही करणारा कोण? त्याला तर सगळं शिकवलेलं असतं. संताप संताप झाला माझा.

मी विद्युत निरीक्षकाला अर्ज लिहायला बसले. नवरा म्हणाला, "भाऊ हाय माहा. घरची भानगड सरकारात नेशीन काय?" मी लिहीतच राहिले. दीर दारात उभा राहून आईकडे पाहत होता, की आता ही सुनेला दटावेल.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. माझ्या हातातला पेन काढून घेतला.

"त्याले मी जलम देला. तो सांगून आयकत नाही, हे माह्यापेक्षा कोणाले जास्त माहीत हाय? सही कोठी करू, सांग."