एमिलीच्या आजीची कोळंबी, माझ्या हातची

हा किस्सा मीच सांगते, कारण सईच्या तोंडून ऐकलात तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल. सई म्हणजे माझी लेक. बहरीनमध्येच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मैत्रिणींना कधी घरी आणत नाही. का, तर म्हणे, "आई, यू फीड पीपल टू मच." लागलं हो मनाला. आमच्या या जुफैरच्या फ्लॅटवर पोरीची एक मैत्रीण फिरकू नये?

आणि एक दिवस म्हणाली, एमिलीला आणते. एमिली अमेरिकेतल्या लुइझियानाची, इथे नवीन. आजीच्या हातच्या श्रिंप अँड ग्रिट्ससाठी झुरत होती.

"मी करते की," मी म्हटलं.

"आई, प्लीज. जस्ट ऑर्डर पिझ्झा."

"गप गं. अलिबागचं माहेर आहे माझं. कोळंबी मला कोण शिकवणार?"

ग्रिट्स म्हणजे काय, तर मक्याचा जाडसर रवा मऊ शिजवायचा, त्यात लोणी आणि चीज. वर केजन, म्हणजे तिच्या लुइझियानाकडच्या तिखट मसाल्यातली कोळंबी. आपला उपमाच की, फक्त फोडणीच्या नावानं बोंब. सवयीनं कोळंबीला मीठ-हळद लावून ठेवली. केजन मसाला सढळ हातानं घातला. परतताना पुन्हा मीठ. रव्यात मीठ. लोणी खारट, चीज खारट. त्या मसाल्याच्या डबीवर सगळ्यात आधी मीठच लिहिलं होतं, पण ते मी नंतर वाचलं.

मग चाखलं का नाहीस, असं विचाराल. अहो, सासूबाईंची शिस्त, नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही. आता कोळंबीचा नैवेद्य मी कुठल्या देवाला दाखवणार होते? पण सवयच नाही, त्याला काय करणार.

एमिलीनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"मिसिंग ग्रँडमा?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली. मी आणखी दोन डाव वाढले.

"नो थँक यू, आंटी."

लाजतेय बिचारी. आपल्याकडे पहिलं 'नको' कुणी धरतं का? आणखी एक डाव वाढला.

"आई, स्टॉप," सई कुजबुजली. ती कोळंबीला शिवत नाही, दहीभात खात होती. मी तिच्यावर डोळे वटारले. एमिलीनं पाण्याचा जग संपवला. म्हटलं, मसाला झणझणीत जमलाय.

पोरीनं ताट स्वच्छ केलं, थँक यू म्हटलं आणि गेली. मग मी माझं ताट वाढून घेतलं. पहिला घास घेतला आणि थेट बेसिन गाठलं. त्यापेक्षा समुद्राचं पाणी परवडलं.

"शी विल नेव्हर कम बॅक," सई म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी बेल वाजली. दारात सई, आणि तिच्या मागे चक्क एमिली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, आत गॅसवर काय चढवू असं होऊन गेलं. पण लिफ्टमधून वर येताना सईनं तिच्याकडून एक मराठी शब्द घोकून घेतला होता.

एमिलीनं बूट काढायच्या आधीच हात जोडले.

"हॅलो, आंटी," ती म्हणाली. "पुरे."