बॅनरपुढचा नारळ

आमलीच्या नाक्यावर कुणी नवा फ्लेक्स उलगडला की त्याच्या उग्र वासाने मला आजही एक सहल आठवते. काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याची बस दमणच्या किनाऱ्यावर दिवसभराच्या सहलीला गेली होती. धुळ्याकडच्या एका ऑपरेटरने आईला सोबत आणलं होतं. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि त्याला वाहायला तिने गावाहून नारळ आणला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा भरतीचं पाणी पायऱ्यांना लागत होतं. पण मॅनेजर म्हणाले, "साहेब येईपर्यंत कुणी पाण्यात जायचं नाही. फोटोत कपडे कोरडे दिसले पाहिजेत." साहेब दोन तासांनी उगवले. कारखान्याच्या नव्या फ्लेक्सच्या बॅनरपुढे फोडायला नारळ घ्यायचा राहून गेला होता, म्हणून मॅनेजरांनी म्हातारीच्या हातातलाच घेतला. "काय मावशी, देव सगळा एकच ना?" सगळे हसले. साहेब समुद्राकडे पाठ करून समुद्राच्या विशालतेवर बोलले. फोटो संपले तोवर ओहोटी लागून समोर नुसता काळा चिखल उरला होता. "पाणी कोठे गयं रे भाऊ?" तिने मला विचारलं. तो फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे. बॅनरचं एक टोक धरून मी त्यात हसतो आहे.