वीस अंशांखाली

नंजनगूडच्या सुगंधी रसायनांच्या कारखान्यात मी लागले, तेव्हा लॅबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि आमचे लॅबप्रमुख. पहिल्याच डिसेंबरात त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं, आणि तेही कन्नडमध्ये, म्हणजे एकालाही कळायचं राहू नये.

कारण होतं अ‍ॅसिटोफेनोनचा एक ड्रम. हा अ‍ॅरोमॅटिक कीटोन एरवी पातळ, बिनरंगी, फुलांसारख्या गोड वासाचा. पण साधारण वीस अंशांखाली गोठतो. त्या आठवड्यात गारठा होता आणि ड्रममध्ये पांढरे खडे धरले होते. ते म्हणाले, हिनं झाकण उघडं ठेवलं, पाणी शिरलं, माल बाद. मी द्रवणांक सांगितला, त्यांनी ऐकला नाही. माझ्याकडून चुकीची कबुली लिहून घेतली आणि चांगला माल टाकून दिला. त्या कबुलीपायी माझी बढती अडली.

पुढे थंडीत आदल्या संध्याकाळीच ड्रम उबदार खोलीत हलवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. त्यांना गोठलेला ड्रम पुन्हा दिसलाच नाही.

दोन वर्षांनी, जानेवारीत, एका मोठ्या ग्राहकाकडून तपासणी होती. त्या आठवड्यात मी एकही ड्रम हलवला नाही. मुद्दामच. सकाळी जयलक्ष्मीपुरमच्या घरून निघाले तेव्हा बसच्या खिडकीतला गार वारा मला फार आवडला.

तपासायला आलेल्या बाई वयस्कर केमिस्ट होत्या. ड्रम उघडला, आत घट्ट गोळा. साहेबांनी लगेच पुरवठादारावर ढकललं, पाणी शिरलंय म्हणाले. बाईंनी द्रवणांक विचारला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे पाण्यामुळे होतं असं तुम्हीच माझ्याकडून लिहून घेतलंय," मी इंग्रजीत म्हणाले.

बाईंनी नमुन्याची बाटली कोमट पाण्यात धरली. पाच मिनिटांत नमुना वितळून काचेसारखा स्वच्छ झाला. त्यांनी तपासून घेतला, शुद्ध होता. माझं ते कबुलीपत्रही त्यांनी मागवून वाचलं.

महिन्याभरात साहेबांची बदली खरेदी विभागात झाली. एका संध्याकाळी बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"तुला आधीच ठाऊक होतं ना, गोठणार ते?" या वेळी मराठीत, हळू आवाजात.

"हो सर."

माझ्याकडून आणखी काहीतरी यावं म्हणून ते थांबले. मला दया आली नाही. मग त्यांचा स्टॉप आला.