बाई मधोमध गाईना

स्पीकरचे दोन बॉक्स, एक खुर्ची आणि सुतळी. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये श्रीरंग सकाळपासून बनियनवरच फरशीवर रांगत होता. स्टुलांवर बॉक्स कानाच्या उंचीला आले होते, तोंडं जराशी आत वळवलेली. आता खुर्चीपासून दोन्ही बॉक्स सारख्या अंतरावर हवेत. तेवढं जमलं की गाणारी बाई बॉक्समधून गात नाही, दोन्हींच्या मधोमध, रिकाम्या भिंतीतून गायला लागते. ही जादू त्यानं गणेश मंडळाच्या कितीतरी पोरांना शिकवली होती. ऑफिसात तो फाईल पुढे ढकलणारा बाबू, साहेब घंटी मारणार आणि हा उठणार. पण गणेशोत्सवात स्टेजचा आवाज त्याचा. तिथे त्याला ऊठ म्हणायची कोणाची छाती नव्हती.

गेल्या गणपतीत घोटाळा झाला. डावीकडे बसलेल्या बायका कानांवर हात ठेवून उठून गेल्या, आणि हा पठ्ठ्या डावीकडचा आवाज चढवतोच आहे! यंदा मंडळाचा सेक्रेटरी जयेश गोड बोलून म्हणाला, "काका, या वर्षी आराम करा ना."

"आराम मेल्यावर करीन. रविवारी संध्याकाळी घरी ये, माझं सेटिंग ऐक, मग बोल."

आज रविवार. आणि बाई काही मधे येईना. उजवीकडे, बाल्कनीच्या दारातच उभी राहून गात होती.

त्यानं दोन्ही बॉक्सची अदलाबदल केली. बाई उजवीकडेच. तारा बदलल्या. उजवीकडेच.

"बाबा, यार, एकदा कान दाखवून घे ना," मुलगी रुचिता म्हणाली.

"माझ्या कानाला काय धाड भरलीय? ही खोलीच वाकडी आहे!" त्यानं डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तो देव्हारा बघ. त्याच्यापायी डावा बॉक्स मागे रेटावा लागतो. सुतळी वीतभर कमी पडतेय. आवाज जवळच्या बॉक्सकडे पळणारच!"

ईशान्येचा तो देव्हारा श्रीरंगची बायको विजयालक्ष्मी हिच्या सासूबाईंचा. भिंतींना रंग देतानाही तो कधी हलला नव्हता, वर चादर घालून रंगारी त्याच्याभोवतीनं ब्रश फिरवायचे. विजयालक्ष्मी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. वर्षभर ती नवऱ्याच्या उजव्या बाजूनंच चालायची, जेवतानाही उजवीकडेच बसायची. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. तिनं देवांना अक्षता वाहिल्या. "आजच्या दिवस चालवून घ्या रे बाबांनो," म्हणाली आणि एकेक मूर्ती उचलून आत डाळींच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवायला लागली.

श्रीरंग उभाच राहिला. "अगं, खरंच हलवतेस?"

"नाहीतर जन्मभर देवांना बोल लावत बसाल. धरा ती बाजू."

देव्हारा गेला. बॉक्स पुढे आला. सुतळी दोन्हीकडे बरोब्बर पुरली. श्रीरंग खुर्चीत बसला, डोळे मिटले, गाणं लागलं.

खुर्चीच्या पायाशी बसलेल्या रुचिताला बाई भिंतीवरच्या कॅलेंडरातून गाताना ऐकू आली, अगदी मधोमध. तिनं मान खाली घातली.

श्रीरंग उठला. त्यानं खुर्ची उलटी फिरवली आणि बॉक्सकडे पाठ करून बसला. ही परीक्षासुद्धा त्याचीच. पोरांना सांगायचा, खोलीवर संशय आला तर पाठ फिरवा. खोलीचा दोष असेल तर आवाज जागचा हलणार नाही. कानाचा असेल तर कानासोबत फिरेल.

बाईनं बाल्कनी सोडली आणि देव्हाऱ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. त्याच्या उजव्या कानाशी.

गणपतीच्या हॉलमध्ये विजेचा बोर्ड स्टेजच्या एकाच बाजूला. म्हणून दरवर्षी याचं टेबल तिथेच, डाव्या कानाला बॉक्स चिकटलेला. आरत्या, ढोल, भाषणं, बक्षीस समारंभ, सगळं त्या एका कानात ओतलेलं. टेबल पलीकडे न्यायला लांब वायर लागली असती. ती मंडळाला कधी सुचली नाही. शाल-नारळ मात्र दरवर्षी न चुकता. आणि त्या शाली हा अडाण्यासारखा घड्या घालून जपून ठेवायचा.

"रुचिता, जयेशला फोन लाव. येऊ नको म्हणावं."

"काय सांगू पण?"

"सांग, आराम करतोय."

रुचिता फोन घेऊन बाल्कनीत गेली. गाणं चालूच होतं. विजयालक्ष्मी खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी होती. "अहो, देव जागेवर ठेवू का?"

तो समोरच्या दाराकडे बघत बसून राहिला.

ती खुर्चीला वळसा घालून उजवीकडे आली आणि तेच परत विचारलं.

"ठेव," तो म्हणाला. "बॉक्स पण रेट मागे. कुठेही ठेवलास तरी चालेल."