गाठीच्या वर एकही फळी नको

माझ्यासारखा हात या गावात दुसऱ्या सुताराचा नाही. हे मी नाही, माझी दारं सांगतात. चाळीस वर्षं झाली, एक दार कुरकुरलेलं नाही. शिकलो सातवीपर्यंत, पण रंधा मारताना सातवी कोण विचारतो?

सांगायचंय मात्र धाकट्या बहिणीबद्दल. उंचीनं बेताची, म्हणून घरात सगळे तिला बुटकीच म्हणायचो. आमच्या घरातून खुर्ची-टेबलाच्या नोकरीला लागलेली ती पहिली. सार्वजनिक वाचनालयात मुलांची खोली तिच्याकडे होती. मुलं म्हणजे शाळेतली नव्हेत हं. धड चालता न येणारी, लाळ गाळणारी. आठवड्यातून दोनदा सकाळी आया, आज्या, एखाददुसरा बाप आपापलं पोर मांडीवर घेऊन सतरंजीवर बसायचे आणि ही जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकातून गोष्ट सांगायची.

मी एकदा बघायला गेलो, तर एक कार्टं पुस्तकाचा कोपरा चघळत होतं.

"अगं, खातंय ते पुस्तक!"

"खाऊ दे. आधी तोंडानं, मग हातानं, मग डोळ्यानं. असंच लागतं वाचायला, दादा."

शेजारी एक हमाल लेकीला घेऊन बसला होता. म्हणाला, "बाई, मला अक्षर येत नाही."

"मग चित्र वाचा. कुत्रा आला की भुंका."

तो एवढा आडदांड गडी खरंच भुंकला. पोरगी खिदळली आणि पान उलटून परत कुत्र्यावर आली. मी पोट धरून हसलो. "भुंकायचा पगार मिळतो होय गं तुला?"

ती हसली नाही. "तू कधी आईच्या मांडीवर बसून पुस्तक बघितलंस?"

"आपल्या घरात पुस्तक होतं कुठं?"

"तेच म्हणते मी."

त्याच वर्षी वाचनालयाच्या साहेबांनी तिला बजावलं: वर्षभरात या खोलीत मुलं वाढली नाहीत, तर खोली वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना द्यायची. ती तडक माझ्या कारखान्यात आली. हातात सुतळीचा तुकडा, मधोमध गाठ.

"दोन वर्षांच्या पोरीच्या छातीला लावून माप आणलंय. जमिनीपासून या गाठीपर्यंत. गाठीच्या वर एकही फळी नको. दारं नकोत, काच नको. पोरांनी स्वतः ओढून काढायची पुस्तकं. हातानं काढलेलं पुस्तक ती सोडत नाहीत, दादा. आईबापाला ओढत परत आणतात."

"बुटकीला बुटक्याच फळ्या सुचणार!"

"चेष्टा नको. खोली जाईल माझी."

मी हो म्हणालो. सुतळी खुंटीला टांगली. पण मनात म्हटलं, वाचनालयात माझं काम जन्मभर दिसणार, आणि मी काय कोंबड्यांच्या खुराड्याएवढं मांडू? लोक म्हणतील, याला लाकूड पुरलं नाही. मी छताला टेकतील अशी चार कपाटं केली. सागवानी. सांध्यात एक खिळा नाही. काचेची दारं, पितळी कुलपं. तिला आधी दाखवलीही नाहीत. म्हटलं, बघून थक्क होईल.

बसवली त्या दिवशी साहेबांनी मला हार घातला. "इतकं देखणं काम! लहान मुलांचे चिकट हात लागायला नकोत," म्हणत किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. बुटकी दाराशी उभी होती. माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं तिनं. एक शब्द बोलली असती, तर चारचौघांत माझी शोभा झाली असती. बोलली नाही.

पोरं आली. काचेला नाकं लावली, तळवे आपटले, रडली. ही किल्ली मागायला जायची, तर साहेब जागेवर नसायचे. हमालाची लेक दोनदा आली, मग नाही आली. वर्ष भरलं. खोलीत खुर्च्या आल्या, वर्तमानपत्रं आली. बुटकीला दाराजवळच्या टेबलावर नवे सभासद नोंदवायला बसवलं. मी म्हणायचो, "बघ, कपाटं अजून कशी आरशासारखी आहेत!" ती म्हणायची, "हो रे दादा, आहेत."

परवा माझी नात दोन वर्षांची झाली. कारखान्यात आली, खुंटीखाली उभी राहिली. बुटकीची ती जुनी सुतळी अजून तिथंच होती; सहज काढून नातीला लावली. गाठ नेमकी छातीशी. त्याच दुपारी मी फळ्या कापायला घेतल्या.

चार दिवसांत गाठीएवढं बुटकं, उघडं कपाट केलं आणि डोक्यावर घेऊन वाचनालयात गेलो. खोलीत ठेवायला जागा नव्हती. बुटकीनं टेबलाच्या बाजूला सरकवायला लावलं, वाकून हात फिरवला. "माप बरोबर आहे, दादा." एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. टेबलाच्या खणातून तिनं तीन-चार जुनी पुठ्ठ्याची पुस्तकं काढली, कोपरे चावलेली, आणि खालच्या फळीवर लावली.

रांगेत एक बाई उभी होती, पायाशी तिची पोरगी. पोरगी गेली, पुस्तक ओढलं, बसली मांडी घालून. तिनं पानं थापटल्याचा आवाज होताच वर्तमानपत्रांच्या खोलीतून एक आजोबा खेकसले, "शांतता पाळा!" बाईनं घाईघाईनं पुस्तक काढून घेतलं आणि पोरीचा हात पोचणार नाही असं वर, टेबलावर ठेवलं. पोरीनं भोकाड पसरलं. त्या दोघी निघून गेल्या.

बुटकीनं पुस्तक उचललं, ओढणीनं पुसलं, परत खालच्या फळीवर ठेवलं. मग पुढच्या माणसाचं नाव लिहायला घेतलं.