उळवीला जीपने पाठवलेलं गाठोडं

पायी यात्रेची माझी तयारी दांडगी होती. नवे बूट, गुडघ्याला पट्टा, फोडांवरचं मलम, पावलं मोजणारं घड्याळ. श्रद्धा तेवढी राहून गेली; ती बेळगावच्या एकाही दुकानात मिळाली नाही.

जायचं ठरवलं वैनीने. रामनगरहून तिचा फोन आला.

"वन्स, यंदा उळवीला मी चालत जानार हाय."

"एकटी?"

"न्हाई. तुमी हायसा की."

दरवर्षी जत्रेला दादा चालत जायचा. नव्या भाताचे पाच शेर तांदूळ डोक्यावर घेऊन जायचा आणि चन्नबसवेश्वराच्या दासोहात, म्हणजे सगळ्यांसाठी चालणाऱ्या स्वयंपाकात, ओतायचा. यंदा भात पेरलं त्याने आणि कापलं वैनीने. मध्ये भाद्रपदात तो गेला. त्याने पेरलेले शेवटचे तांदूळ तिला तिथवर न्यायचे होते. नाही म्हणायला मला कारण सुचेना, हे खरं कारण.

रामनगर ते जोयडा लाल बस. बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवायचं. पुण्य कमवायला फुकट जाता येतं, ही सोय देवाने केली नसून सरकारने केली आहे. गणेशगुडीला राफ्टिंगची हेल्मेटं घातलेली पोरं बसमध्ये डोकावली. आम्ही दोघी मांडीवर गाठोडी घेऊन बसलेल्या. कोण जास्त धाडसी दिसत होतं, हे मी सांगायला नको.

चालणं जोयड्यापासून. हवं ते तिथेच घ्या. पुढे जंगल आहे आणि जंगलात केळीसुद्धा विकत मिळत नाहीत. वैनीच्या माहेरची, खानापूरकडची शांतक्का तिथे भेटली. सत्तरीची, अनवाणी. माझे बूट बघून म्हणाली, "ह्ये घालून देवाला चाललीस का देवाला लाथ घालाय?"

मी नाड्या आवळल्या.

रस्ता चांगला डांबरी आहे, चढ फसवे. सागाची पानं गळलेली, त्यामुळे सावली फक्त छायाचित्रांत. मागून सजवलेल्या बैलगाड्या येतात, त्यांना वाट द्यायची आणि "हर हर महादेव" म्हणायचं. कॉन्व्हेंटात अकरा वर्षं काढल्यामुळे माझा हात आधी कपाळाकडे, मग छातीकडे जाऊ लागला. वाटेत आवरला.

वैनी पुढे. डोक्यावर दादाच्या जुन्या पंच्याची चुंबळ, त्यावर गाठोडं. माझ्याकडेही दोन शेर तांदळांचं गाठोडं होतं. पाठीच्या पिशवीत, आधुनिक पद्धतीने. मी म्हटलं, "दे थोडा वेळ, मी घेते." उत्तर शांतक्काने दिलं.

"आसं करायचं न्हाई बाई. दुसऱ्याच्या डोस्क्यावर दिलं की पुण्य बी त्येचंच."

संध्याकाळी कुंभारवाड्याला पोचलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, गावकऱ्यांनी दिलेली भाकरी आणि झणझणीत आमटी. माझ्या घड्याळाने अभिनंदन केलं. टाचांनी केलं नाही.

सकाळी वैनी ओढ्यावर गेली होती. यात्रेकरूंची अंथरुणं नेणारी जीप उभी होती. चालक म्हणाला, "सामान टाका, उळवीला देवळाजवळ उतरवतो." वैनीची मान दुखत होती, तिचं रात्रभरचं कण्हणं मी ऐकलं होतं. आणि जीपला पुण्य लागल्याचं मी तरी कुठे ऐकलं नव्हतं. मी दोन्ही गाठोड्यांवर कागद चिकटवले, कॉन्व्हेंटच्या सुबक अक्षरात नावं लिहिली आणि गाठोडी चढवली. फार समाधान वाटलं.

वैनी परत आली. कोपऱ्यात नुसती चुंबळ पडलेली होती.

"वन्स, तांदूळ?"

मी सांगितलं. हसत सांगितलं, हे आता आठवू नये असं वाटतं.

तिने रस्त्याकडे बघितलं. धूळसुद्धा खाली बसली होती. फोनला रेंज नव्हती. शांतक्का माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "शिकल्याली बाई!" इतकी नेमकी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

उळवीपर्यंत पाच तास वैनी चुंबळ हातात धरून चालली. कॉन्व्हेंटात भांडलेल्या मुलींना समोरासमोर उभं करून सॉरी म्हणायला लावत. मी तीनदा म्हटलं. ते डांबरावर पडून राहिलं.

देवळाजवळ गाठोडी माझ्या लेबलांसकट व्यवस्थित ठेवलेली. शांतक्काने आपले तांदूळ ओतले, हात जोडले; तिच्यामागे मी माझे दोन शेर ओतले. वैनीने आपलं गाठोडं उचललं आणि दासोहाकडे पाठ फिरवली.

"कुंभारवाड्याला बस कवा हाय?" तिने एकाला विचारलं.

"सकाळी."

"वैनी, देवाला काय कळतंय, जीपने आलं की—"

"देवाचं ऱ्हाऊ द्या. ह्येंनी एक साल बी गाडीत ठेवलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने उलट्या दिशेने जाणाऱ्या आम्ही दोघीच. माझ्या टाचांना चार फोड. ती म्हणाली, "तुमी बसा हितंच." मी बसले नाही. शहाणपणापेक्षा लाजेने माणूस जास्त चालतो.

शाळेसमोर तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, गाठोडं चढवलं, आणि तोच रस्ता पुन्हा. या वेळी मला झाडं दिसली. दादा मला वसतिगृहातून घरी आणायचा ते आठवलं. सायकलच्या कॅरियरवर मी, पेटी त्याच्या डोक्यावर आणि तो सायकल ढकलत चालणारा. हँडलला का बांधत नाहीस, विचारलं तर म्हणायचा, "तुझी पुस्तकं हायत त्यात, हादरतील." तो गेल्यावर मी पाहुण्यांची जेवणं बघितली, कागदपत्रं लावली, सगळं नीट केलं. रडायचं तेवढं कुठल्या यादीत नव्हतं.

शेवटच्या चढाला वैनी थांबली. मला वाटलं, दमली. तिने गाठोडं उतरवलं, चुंबळ माझ्या डोक्यावर बसवली.

"वैनी, अगं, पुण्य—"

"म्हाईत हाय मला. मान ताठ ठिवा." तिने गाठोडं वर चढवलं. "तुमचा बी भाऊ हुता न्हवं."

पाच शेर फार नसतात. मला चढ दिसेनासा झाला होता, ही गोष्ट वेगळी.

दासोहात आम्ही दोघींनी मिळून ओतले. मोठ्या ढिगात ते कुठे गेले, कळलंही नाही. मग पंगतीला बसून भात-सार खाल्लं. दोनदा मागून.

आता घरी आहे. बूट शेजारणीला दिले, घड्याळ कपाटात ठेवलं. टाचांचे फोड मलमाने आठवड्यात भरले. मान अजून थोडी अवघडलेली आहे. तिला मी काहीही लावलेलं नाही.