पावसाचं लोखंड, उन्हाची दारू

आमच्या घरातले पुरुष आधी हात उचलत आणि काय झालं ते मागाहून विचारत. वडिलांचा मार मी खाल्ला, आईने खाल्ला, गड्यांनी खाल्ला, एकदा तर वाटेत आडव्या आलेल्या टांग्याच्या घोड्यानेही खाल्ला. चुलते शांत आहेत असं लोक म्हणत. मला विचाराल तर त्यांना चिडायला जरा वेळ लागे, एवढंच. दोघांचं मिळून कर्जतबाहेर एक मैदान होतं. दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे रहाटपाळणा फिरे, चक्री फिरे, रंगवलेल्या मोटारीत बसून लोक फोटो काढून घेत आणि बाजाराच्या संध्याकाळी शोभेची दारू उडे. पाळणा वडिलांचा, दारू चुलत्यांची. मिरजगावकडून माणसं बैलगाड्या जुंपून येत.

पावसाळ्यात मैदान बंद असे आणि खरं काम तेव्हाच चाले. मोडलेलं सांधायचं, नवं उभारायचं, पुढच्या हंगामाची दारू कुटून नळे भरून ठेवायचे. लोहाराची भट्टी आणि दारू एका आवारात ठेवणं म्हणजे मरणाला पाट मांडून जेवायला बसवणं. पण आवार एकच होतं. म्हणून आजोबांनी मरण्याआधी वाटणी करून दिली होती, जमिनीची नव्हे, दिवसांची. पाऊस असेल त्या दिवशी लोखंड, ऊन असेल त्या दिवशी दारू. ओल्या दिवशी दारू वाळत नाही आणि ठिणगी पडली तर जागीच विझते. सकाळी उठून आभाळ बघायचं आणि ज्याचा दिवस त्याने कामाला लागायचं. घरात बाकी सगळ्यावरून डोकी फुटली, पण यावरून कधी चकार शब्द निघाला नव्हता.

बाहत्तर साली पाऊसच आला नाही.

नेमका त्याच वर्षी वडिलांनी जुना लाकडी पाळणा मोडून काढला होता. त्यांना लोखंडी पाळणा हवा होता, दुप्पट उंच. जोत्यावर दोन खांब उभे राहिले, पण चाकाचे आरे जमिनीवर पडून होते, कारण भट्टी पेटल्याशिवाय रिव्हेट तापणार नव्हते. रोज सकाळी आभाळ लख्ख. म्हणजे रोजचा दिवस चुलत्यांचा. आषाढ गेला, श्रावण गेला. चुलते निवांत दारू कुटत होते, वाळवत होते. वडील येरझारा घालत आणि पायात येईल त्याला लाथ घालत. बादली, कुत्रं, कधी मी. दसऱ्याला पाळणा नसला तर मैदान कसलं, असं ते आईला सारखं ऐकवत. चुलते एकदा म्हणाले, "लोकं दारू बगाया येत्यालच की." वडिलांनी हातातला तांब्या भिंतीवर असा आपटला की त्याचा तळ आत गेला.

भाद्रपदातली दुपार होती. आवारातली विहीर आटली होती, आई लांबच्या वस्तीवर पाण्याला गेली होती. मी तेव्हा सोळाएक वर्षांची असेन. दारूच्या खोपटात बसून मी नळे भरत होते. दारूजवळ अंगावर धातू चालत नसे, म्हणून माझे पैंजण घरात काढून ठेवलेले असत आणि काकी तर जोडवीसुद्धा काढून बसे. त्यावरून गल्लीतल्या बायका तिला नावं ठेवत. खोपटाला तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू उघडी, आणि उघड्या बाजूला पोत्यांवर वाळत घातलेली दारू. तिच्यापलीकडे भट्टी. काकी पाणी प्यायला म्हणून नुकतीच उठून गेली होती.

मला भात्याचा आवाज आला. वडिलांनी भट्टी पेटवली होती.

चुलते धावत आले. "दादा, इस्तू इझव. आज माजा दिस हाय."

"रोजच तुजा दिस हाय. माजा कदी यायचा?"

"पाऊस पडल्यावर."

वडिलांनी त्यांच्या तोंडावर मारलं. चुलत्यांनी बांबू उचलून वडिलांच्या कानावर घातला. वडिलांनी हातातला लोहाराचा सांडस फिरवला, तो चुलत्यांच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी चुलते मागे हटले नाहीत. एका हाताने वडिलांची मान धरून त्यांनी त्यांना भट्टीवर ढकललं आणि निखारे आवारभर उधळले.

माझ्या परकरात दारू होती, हाताला, केसांना दारूची पूड होती. बाहेर पडायचं तर त्या निखाऱ्यांमधूनच. मी ओरडले, "मी आत हाय." दोघांनी मान वळवली नाही. एक निखारा पोत्याच्या कडेला येऊन थांबला. मला सू झाली, हेही सांगून टाकते, कारण भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

काकी घागर घेऊन आली. पहिली घागर तिने त्या निखाऱ्यावर आणि पोत्यांवर ओतली. दुसरी पोत्यांवर. मग तिने रांजणच आवारात कलंडवला. घरात होतं नव्हतं ते पाणी गेलं आणि वर्षाची सगळी दारू काळा चिखल होऊन वाहायला लागली. शेवटची कळशी तिने माझ्या डोक्यावर रिकामी केली.

पाण्याचा आवाज ऐकून पुरुष थांबले. चुलते मोडकी बाजू सावरत आले आणि चांगल्या हाताने त्यांनी काकीच्या थोबाडीत मारली. ती खाली बसली.

"आजून एक दे," वडील म्हणाले. त्यांच्या कानातून रक्त येत होतं. "वर्साचं काम धुऊन टाकलं हिनं." दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून तिच्यासमोर उभे होते. त्या दोघांचा मला इतका संताप आला की अजून तो पुरता उतरलेला नाही.

काकी मोठ्या दिरापुढे कधी बोलत नसे. तिने पदराने ओठ पुसला आणि सरळ वडिलांकडे बघितलं.

"आवार वलं झालंय, भावजी. आता तुमचा दिस हाय, मारा लोखंड. पर आदी पोरीला बाहीर येऊ द्या."

मी त्यांच्या कडेने बाहेर आले. वडिलांनी भट्टी पुन्हा पेटवली आणि अंधार पडेपर्यंत घाव घातले.

दारूच उरली नव्हती, तेव्हा पुढचे सगळे दिवस लोखंडाचे झाले आणि दसऱ्याला पाळणा फिरला. भावांची दिलजमाई झाली म्हणून गावाने कौतुक केलं. पुढे कितीतरी वर्षं, पाहुणे आले की चुलते ती हकीकत सांगत. ऐन दुष्काळात बाईने घरचं पाणी कसं ओतलं, दारूचा चिखल कसा केला, आणि पाहुणे काकीकडे बघून हसत. त्या हकीकतीत घागरी असत, रांजण असे, वडिलांचा सांडससुद्धा असे. खोपटात मी होते, हे त्यात कधीच नसे.